ताटाची डावी बाजू

नौबादमध्ये दुपारी अचानक पाहुणा आला, तर घरची बाई आधी भाजीकडे बघत नाही, फडताळातल्या बरण्यांकडे बघते. शेंगदाण्याची चटणी आहे, कारळ्याची आहे, रंजका आहे, दही लागलेलं आहे, म्हणजे जेवण झालंच. परात ओढून ज्वारीचं पीठ मळायचं तेवढं उरतं. भाकरी तव्यावर फुगेपर्यंत एका वाटीत चटणी दह्यात कालवलेली असते, दुसरीत रंजक्यावर तेल ओतलेलं असतं आणि कांदा बुक्कीनं फोडलेला असतो.

डावीकडच्या या पदार्थांना आपण तोंडी लावणं समजतो, म्हणजे असलं तर बरं, नसलं तरी चालेल असं. निदान आमच्या भागापुरतं हे मला मान्य नाही. बिदर आणि कलबुर्गीच्या शिवारात रोजच्या जेवणाचा पाया डाव्या बाजूलाच आहे. ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण हे दोन्ही चवीला सौम्य. कलबुर्गीच्या तूर डाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, डाळ उत्तमच आहे, पण रोज तेच वरण आणि तीच भाकरी माणूस आनंदानं खातो तो शेजारच्या आंबट, तिखट, खमंग वाटीमुळे. दुकानात सॉस, सिरप आणि डिप म्हणून बाटल्यांतून जे मिळतं, ते घरी करण्याची सगळी रीत या बरण्यांत आधीपासून आहे. ती नीट समजून घेतली की रोजच्या ताटासाठी बाटली आणावी लागत नाही.

नौबाद आता बिदर शहराला जवळजवळ चिकटलं आहे. बहामनींनी पंधराव्या शतकात राजधानी बिदरला आणली. इथे तांबड्या जांभ्या दगडाखाली काळा पाषाण आहे. जांभ्यातून झिरपलेलं पाणी त्या पाषाणावर साठतं. ते गावापर्यंत आणायला बहामनी काळात इराणी पद्धतीचा जमिनीखालचा कालवा खोदला गेला. तोच नौबादचा करेझ. खाण्यापिण्यावरही अशीच चहूकडची छाप आहे. हैदराबाद संस्थानातला जुना बिदर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, झहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. नकाशावर रेघ पडली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. भालकीची लेक निलंग्यात नांदते, उदगीरची नौबादला येते, आणि सोबत आईच्या हातच्या चटणीचा डबा येतो. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात मराठी, कन्नड आणि दखनी नावं एकाच फळीवर सुखानं नांदतात.

या प्रदेशाला खाण्याची लेखी परंपराही मोठी आहे. बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण हे कल्याणीच्या चालुक्यांचं राजधानीचं गाव. तिथल्या सोमेश्वर तिसऱ्या राजानं ११२९ च्या सुमारास संस्कृतात रचलेल्या ‘मानसोल्लास’मध्ये अन्नावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात डोशाचे आणि इडलीचे पूर्वज सापडतात, दह्यात मुरवलेले वडेही सापडतात. मिरची, शेंगदाणा आणि टोमॅटो मात्र त्यात नाहीत. तिन्ही अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आल्यानंतरच इकडे रुजलेले. आज ज्या चटणीशिवाय आमचं ताट पुरं होत नाही तिचे दोन्ही मुख्य जिन्नस पाचेकशे वर्षांपलीकडे इथे नव्हते, पण आंबट, तिखट आणि स्निग्ध एकत्र करायची समज होती. नवे जिन्नस त्या समजेत बसले.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडची रीत अशी की साठवायचं ते कोरडं, आणि ओलं करायचं ते ताटात. बुरशी आणि जिवाणू वाढायला मोकळं पाणी लागतं. भाजून कुटलेल्या चटणीत ते जवळजवळ नसतंच, म्हणून ती फडताळात महिनाभर टिकते. बाजारातला सॉस आधीच ओला असतो, त्यामुळे त्याला टिकवायला भरपूर साखर, शिरका आणि पुष्कळदा सोडियम बेंझोएट लागतं. आपण पाणी, दही किंवा तेल जेवायच्या वेळीच घालतो, म्हणून त्यातलं बरंचसं टाळता येतं.

शेंगदाण्याची चटणी घ्या. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे. घाई केली तर वरून डाग पडतात आणि आत कच्चे राहतात. गार झाल्यावर हातानं चोळून निम्मी सालं पाखडून टाकायची. सगळी काढू नयेत, थोड्या सालांनी चटणीला भाजका वास राहतो. मग दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, दीड चमचा मीठ, चमचाभर जिरं घालून उखळात कुटायचं. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. मुसळाच्या घावानं ते हळूहळू सुटतं आणि तिखट-लसणाला धरतं, म्हणून कुटलेली चटणी मुठीत दाबली की तिचा लाडू होतो. मिक्सरमध्ये करायची तर बटण थांबत थांबत, एकेका क्षणापुरतं फिरवावं. सलग फिरवलं तर पातं तापतं, लसूण उग्र होतो आणि चटणीऐवजी लगदा हाती येतो. रंग हवा असेल तर निम्मं तिखट ब्याडगीचं घ्यावं, ती मिरची रंगाला गडद आणि जिभेला सौम्य असते. एक गोष्ट मी कळकळीनं सांगते: कडवट, सुरकुतलेला किंवा बुरशीचा डाग असलेला दाणा निवडून फेकून द्या. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्यानंही पूर्ण जात नाही.

या चटणीचे तीन चमचे अर्धी वाटी घट्ट दह्यात कालवले की भाकरी, धपाटं, काकडी, गाजर, काहीही बुडवून खावं असं काहीतरी तयार होतं. त्याला वेगळं नाव शोधायची गरज नाही. दही पातळ असेल तर फडक्यात चार तास टांगून चक्का करून घ्यावा. खाली गळलेलं पाणी पीठ मळायला वापरावं, भाकरी मऊ होते. तीच चटणी चिंचेच्या कोळात आणि गुळात कालवली, वरून हिंग-मोहरीची फोडणी दिली, की गरम भातावर घालायला रस्सा होतो. एक बरणी, तीन पदार्थ, आणि तिन्हींत चूल पेटवायची ती फोडणीपुरतीच.

कारळं आणि जवस यांचंही असंच, फक्त त्यांचे स्वभाव वेगळे. कारळं भाजताना तडतडू लागलं की लगेच खाली उतरवायचं. काळा दाणा असल्यानं जळलेला डोळ्यांना कळत नाही, नाकालाच कळतो. जवसात सुमारे ४० टक्के तेल असतं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल, ज्याला आपण ओमेगा-३ म्हणून ओळखतो. तब्येतीला ते चांगलं, पण हवा लागली की हेच तेल सगळ्यांत आधी खवट होतं. म्हणून जवसाची चटणी पंधरा दिवसांपुरतीच करावी आणि डबा थंड जागी ठेवावा. दाणे अख्खे मात्र महिनोन्महिने राहतात. खोलीवर राहून शिकणाऱ्या मुलामुलींना घरून दोन किलोचा डबा पाठवण्यापेक्षा अख्खा जवस आणि लहानसा खलबत्ता पाठवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

मराठवाड्याकडून आलेलं येसर तर या विचाराची कमाल आहे. ज्वारी किंवा बाजरी, हरभरा डाळ आणि गरम मसाले भाजून दळलेलं हे पीठ डब्यात असलं की दोन चमचे पाण्यात कालवून उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायचे. आमटीला दाटपणा आणि चव दोन्ही एकदम मिळतात. धान्यातलं पिष्ट गरम पाण्यात फुगतं आणि रस घट्ट होतो. येसर आधी गार पाण्यात न कालवता थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर बाहेरचा थर लगेच शिजून गुठळी होते आणि आत पीठ कोरडंच राहतं.

ओल्या पदार्थांत पाण्याला अडवून ठेवायला तीन राखणदार आहेत: मीठ, आंबट आणि साखर. रंजका मिठावर उभा असतो. हिवाळ्यात बाजारात पिकलेल्या ओल्या लाल मिरच्या येतात, तेव्हा अर्धा किलो मिरच्या देठासकट धुवायच्या, पुसून फडक्यावर पूर्ण कोरड्या होऊ द्यायच्या आणि मगच देठ काढायचे. देठ आधी काढले तर पाणी मिरचीच्या पोटात शिरतं आणि बरणीत पांढरी बुरशी धरते. शंभर ग्रॅम लसूण, ७५ ग्रॅम मीठ, चमचाभर भाजलेल्या मेथ्यांची पूड आणि सहा-सात लिंबांचा रस घालून भरड वाटायचं, काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरायचं. पहिले चार दिवस रोज कोरड्या चमच्यानं हलवायचं. आठवड्यानं तिखटाचा चरचरीतपणा उतरतो आणि आंबूस, खोल चव येते. जेवताना चमचाभर रंजक्यात दोन चमचे शेंगदाण्याचं तेल किंवा लोणी कालवावं. मिरचीचं तिखटपण तेलात विरघळतं, पाण्यात नाही, म्हणून तेल-लोण्यानं जिभेची आग निवते आणि पाणी पिऊन निवत नाही.

कच्च्या चिंचेचा ठेचा त्याच काळातला. मार्गशीर्षाच्या आसपास चिंच गाभुळायच्या आधी, आत चिंचोका कोवळा असताना, ती मीठ, हळद आणि हिरव्या मिरचीबरोबर कुटतात. शेजारच्या कन्नड घरांत त्यालाच तोक्कू म्हणतात आणि मेथी-हिंगाची फोडणी देतात. तो वर्षभर राहतो. पिकलेली चिंच म्हटली की मला सीमेपलीकडच्या निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची आठवण होते. तिथल्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल तर भरपूर असतंच, शिवाय साखरही असते, त्यामुळे गुळाशी तिचं फार छान जमतं.

चिंच-गुळाची घट्ट चटणी रोजच्या घरात असलीच पाहिजे, या मताची मी आहे. दोनशे ग्रॅम चिंच दोन वाट्या गरम पाण्यात तासभर भिजवायची, चिंचोके आणि शिरा काढून गाळायची, त्यात तीनशे ग्रॅम चिरलेला गूळ घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं आटवायची. मीठ, सुंठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर तिखट शेवटी. गरम असताना थोडी पातळ वाटली तरी आच बंद करावी, गार झाल्यावर ती दाटते. ॲल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळेचं पातेलं वापरू नये, आम्ल धातूला खातं आणि तो आपल्या पोटात जातो. फ्रीजमध्ये दोन महिने निर्धास्त राहते. भजी, थालीपीठ, मुलांची भेळ तर आहेच, पण अंबाडीच्या भाजीत किंवा वांग्याच्या भरतात अर्धा चमचा घालून बघा.

टोमॅटोचा भाव पडतो त्या आठवड्यात घरचा सॉस करून घ्यावा. दोन किलो पिकलेले टोमॅटो, एक कांदा, सहा लसूण पाकळ्या शिजवून गाळायचं. रसात फडक्यात बांधलेली लवंग-दालचिनीची पुरचुंडी सोडायची आणि रस एक तृतीयांश होईपर्यंत आटवायचा. दीडशे ग्रॅम साखर आणि दोन चमचे मीठ घालायचं. झाला की नाही हे बघायला थेंबभर ताटलीत टाकावा. थेंबाभोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून आटवायचा आहे. उतरवायच्या आधी पाव वाटी शिरका घालायचा, तो विसरू नये. बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषानं होणाऱ्या बाधेचा, धोका टाळायला सामू ४.६ च्या खाली लागतो, आणि टोमॅटो नेमका त्या रेषेच्या आसपास असतो. पूर्ण पिकलेल्या टोमॅटोत आंबट कमीच असतं, म्हणून शिरका किंवा लिंबू ही चवीपुरती गोष्ट नाही. अशीच एक सूचना लसणाच्या तेलाबद्दल. हल्ली तेलात बुडवलेल्या लसणाच्या बाटल्या ओट्यावर शोभेसाठी ठेवलेल्या दिसतात. तेलाखाली हवा नसते, लसणात आंबट नसतं, आणि त्या विषारी जिवाणूला नेमकं हेच हवं असतं. असं तेल लागेल तेवढंच करावं, फ्रीजमध्ये ठेवावं आणि तीन-चार दिवसांत संपवावं.

मोहरीविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण फेसलेली मोहरी ही माझ्या मते आपल्या सगळ्यांत दुर्लक्षित गोष्टींपैकी एक आहे. दोन चमचे मोहरी कोरडीच कुटून तिच्यात गार पाणी घालून घोटली, की पाच-दहा मिनिटांत नाकात झणका जातो. अख्ख्या दाण्यात तो नसतो. दाण्यातला एक पदार्थ आणि मायरोसिनेज नावाचं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा फुटला आणि पाणी मिळालं की ते भेटतात आणि तो झणका तयार होतो. उकळतं पाणी घातलं तर विकर मरतं आणि नुसता कडवटपणा उरतो. लिंबू किंवा शिरका पहिल्यापासून घातला तर क्रिया मंदावते. म्हणून आधी गार पाणी, दहा मिनिटं झाकण, मग मीठ, चिमूटभर साखर, लिंबू आणि दही. केळ्याच्या किंवा काकडीच्या कोशिंबिरीत, उकडलेल्या बटाट्यावर, भाजलेल्या कणसाला लावायला हिच्यासारखं काही नाही. झणका उडून जाणारा असतो, त्यामुळे ताजी करून त्याच दिवशी संपवावी.

गोडाकडे वळताना आधी पाक. साखर पाण्याला धरून ठेवते आणि जंतूंना ते मिळू देत नाही, पण त्यासाठी ती पुरेशी हवी. समान माप साखर आणि पाण्याचा पाक फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे राहतो. बाहेर ठेवायचा तर वजनात दोन भाग साखरेला एक भाग पाणी लागतं, म्हणजे साखर ६५ टक्क्यांच्या वर जाते. असा दाट पाक गार होताना साखर पुन्हा खड्यांत परतू बघते. उकळतानाच त्यात लिंबाचा रस पिळला तर साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो आणि खडे धरत नाहीत. आलं ठेचून पाकात उकळून गाळलं की चहात, ताकात, गरम पाण्यात घालायला आल्याचा पाक होतो. वाळा, बडीशेप आणि गुलाबपाकळ्यांचाही असाच करता येतो, फक्त पाकळ्या आच बंद केल्यावर घालाव्यात.

लिंबाच्या सरबताचा पाक मात्र उन्हातच करावा. एप्रिलच्या आमच्याकडच्या उन्हाचा काहीतरी उपयोग व्हायलाच हवा. काचेच्या बरणीत एक वाटी लिंबाचा रस, दोन वाट्या साखर, चमचाभर मीठ घालून तोंडाला फडकं बांधायचं आणि साखर विरघळेपर्यंत दोन-तीन दिवस उन्हात ठेवायचं, रोज हलवायचं. न उकळल्यामुळे लिंबाचा वास ताजा राहतो. कैरीचं पन्हं उकडूनच करतात, पण गर आणि गूळ एकत्र करून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवले तर पावसाळ्यातसुद्धा दोन वड्या गार पाण्यात टाकून पन्हं मिळतं.

आणि काकवी. कारंजा आणि मांजरेच्या पाण्यावर बिदर जिल्ह्यात ऊस होतो, हिवाळ्यात गुऱ्हाळं पेटतात. उसाचा रस आटत आटत १०५ अंशांच्या आसपास आला की काकवी, आणखी पुढे ११६-११८ अंशांवर गेला की गूळ. काकवीत पाणी थोडं जास्त राहतं, म्हणून बाटली कोरडी आणि झाकण घट्ट हवं. तळाशी खडे जमले तर बाटली कोमट पाण्यात उभी करायची, चव बिघडत नाही. घावन, धिरडं, दशमी, ज्वारीच्या लाह्या आणि दूध, या सगळ्यांवर ती चालते. लहान मुलांना चॉकलेटच्या सिरपऐवजी काकवीत चमचाभर शेंगदाण्याचं कूट आणि वेलची घालून द्या. बाळ वर्षाखालचं असेल तर मात्र मधासारखीच काकवीही टाळावी.

येळवस अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या, बिदर, लातूर आणि धाराशिवकडचं गाव शेतात जातं. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबील वाढतात. आंबील आदल्या रात्री लावतात: ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवून, गार करून त्यात ताक, ठेचलेलं आलं-लसूण, मिरची, जिरं आणि मीठ घालून मातीच्या घागरीत. रात्रभरात ताकातले जिवाणू ती आणखी आंबवतात आणि सकाळी तिला धार चढते. सणाला ती पितात, पण मी थोडी दाट ठेवते आणि उंडे तिच्यातच बुडवून खाते. एकदा दाट आंबील जमली की ती वर्षभर कधीही करता येते. हिवाळ्यात अख्खी रात्र लागते, मे महिन्यात चार-पाच तास पुरतात. त्याहून उशीर झाला तर आंबटपणा पुढे जातो, तेव्हा त्यात ताजं ताक आणि शिजवून गार केलेलं पीठ आणखी मिसळायचं.